किती यायला पाहिजे?

बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये कुणी नापास झाल्याचं माझ्या अख्ख्या नोकरीत मी पाहिलेलं नाही. थिअरीत सत्तरपैकी बावीस मिळवणारा मुलगासुद्धा प्रॅक्टिकलला तीसपैकी सत्तावीस घेऊन जातो. या हिशेबानं कोल्हापूर जिल्ह्यात घरटी एक तरी असा माणूस सापडायला हवा, की ज्याच्या हातात ब्युरेट दिली तर तो झोपेतून उठूनही टायट्रेशन करील. आमच्या घरात बारावी सायन्स झालेली पाच माणसं आहेत आणि गॅसवरच्या दुधाचा एंड पॉइंट वेळेवर ओळखणारं त्यात एकही नाही. मला धरून.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. कॉलेजचं नाव घेत नाही. पुढं सांगणार आहे त्या फजित्या माझ्या आहेत, त्यात संस्थेला ओढायला नको. लॅब चारचौघींसारखीच होती. कडाप्प्याचे काळे ओटे, रिएजंटच्या बाटल्यांचे रॅक, सिंकच्या जाळीत कायमचा अडकलेला फिल्टर पेपर, आणि दाराशी स्टुलावर मामा. लॅबच्या शिपायाला मामा म्हणायचं हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे, आणि परीक्षेच्या दिवशी या नात्याला विशेष भरती येते. पोरं अंबाबाईला जाऊन आली की थेट मामांकडं. "मामा, कॅटायन तेवढा सांगा की." मामा तसे इमानी. नाव कधी फोडायचे नाहीत. फक्त एखाद्याकडं बघून काळजीच्या सुरात विचारायचे, "का रं, सर्दी झालीय काय तुला?" तेवढ्यावर पोरगं अमोनियम लिहून मोकळं व्हायचं.

पण मामांना विचारणारे निदान वर्षातून एकदा विचारायचे. मला रोज विचारलं जाई. ब्युरेट भरून होत नाही तोवर मागून आवाज यायचा, "मॅडम, रीडिंग किती यायला पाहिजे?"

या प्रश्नाचं मला पहिली काही वर्षं काहीच वाटलं नाही. मीही उत्साहानं सांगत असे, "अकराच्या आसपास येईल बघा." मग सगळ्यांचं अकराच्या आसपास येई. शाळेत दहावीपर्यंत आपण साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या क्रमानं प्रयोग लिहितो. अकरावीला हीच मंडळी एका रात्रीत अपॅरेटस, प्रोसीजर, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स होऊन इंग्रजीत येतात, आणि या स्थलांतराच्या धावपळीत त्यांचा क्रम उलटा होतो. आधी अनुमान ठरतं. मग त्याला शोभेल असं निरीक्षण. कृती आदल्या रात्री लिहून झालेली असते, आणि साहित्य मामा आणून देतात.

या सगळ्याचा आधार म्हणजे जर्नल. जर्नल आमच्याकडं वारसाहक्कानं येतं. ताईचं धाकटीला, धाकटीचं मावसभावाला. त्यात सी.बी.आर. म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग नावाची एक चौकट असते. तीनदा टायट्रेशन करायचं, एकसारखं जे रीडिंग येईल ते तिथं लिहायचं. ब्युरेटवरची सगळ्यांत बारीक रेघ ०.१ मिलिलिटरची. ब्युरेटचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे दोन थेंब इकडंतिकडं झाले की रीडिंग एका रेघेनं सरकलंच. नवख्या हाताचं ते सरकायलाच हवं. आमच्या पोरांचं मात्र ११.३, ११.३, ११.३. जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात तेव्हा सगळं गाव त्या आकड्याकडं कान लावून असतं. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. पण पट्टीजवळ उभं राहून "आज किती यायला पाहिजे?" असं अजून कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. आलं ते आलं.

माझी फजिती झाली त्या वर्षीही जुलैच होता. चार दिवस सूर्य नाही, लॅबच्या भिंतींना ओल, खडूसुद्धा फळ्यावर उठेना. प्रयोग साधा होता. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, कॉनिकलमध्ये पिपेटनं घेतलेलं दहा मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, आणि फिकट गुलाबी आलं की थांबायचं. वीस मुलांची बॅच. मी टेबलाशी बसून मागच्या प्रयोगाची जर्नलं तपासत होते. आमच्याकडं प्रॅक्टिकल घेणं याचा अर्थ बहुतांशी हाच: मुलं पुढं काय करताहेत त्याच्याकडं पाठ करून त्यांनी मागं काय लिहिलं ते बघायचं.

मधल्या ओट्यावरची एक मुलगी आली. राधानगरी बाजूची, अंगानं किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. तिच्या कागदावर १२.६, १२.७, १२.६ होतं.

"चुकलंय," मी मान वर न करता म्हटलं. "परत कर."

ती गेली. वीस मिनिटांनी आली. पुन्हा १२.६.

"अगं, सगळ्यांचं ११.३ येतंय. ब्युरेट नीट धुतलीस का? परत कर."

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "मॅडम, आता बरोबर आलं." कागदावर ११.३ होतं, तीनदा, सुवाच्य अक्षरात. मी सही केली. वर 'गुड' असंही लिहिलं.

संध्याकाळी मामा बाटल्या आवरत होते. सोडियम हायड्रॉक्साइडची बरणी उचलून म्हणाले, "मॅडम, ह्याचं झाकण कुणीतरी उघडंच ठेवलं होतं वाटतं. आतला माल बघा, गोळा झालाय." पाहिलं तर पांढऱ्या सुट्या गोळ्यांचं एक ओलं ढेकूळ झालं होतं. हा पदार्थ हवेतलं पाणी ओढून घेतो, कार्बन डायऑक्साइडही ओढतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याला आग्रह करावा लागत नाही. आम्ही नेहमीएवढंच वजन केलं होतं, पण त्या वजनात पाण्याचा वाटा बराच होता. म्हणजे द्रावण फिकं. फिकं म्हणजे जास्त लागणार. मी तिथंच एक ब्युरेट भरली आणि स्वतः टायट्रेशन केलं.

१२.६.

त्या दिवशी वीस जणांपैकी एकीनंच प्रयोग केला होता. तिला मी तीन तास खर्चून खोटं लिहायला शिकवलं होतं, आणि वर 'गुड' दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितलं, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. तिनं ऐकून घेतलं आणि घाबरून विचारलं, "मग मॅडम, जर्नलमध्ये आता कुठलं ठेवू?"

त्याच वर्षी दिवाळीनंतर दिरांच्या गुऱ्हाळावर जायचा योग आला. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हापासून दर हंगामात जातेच, पण ते काकवी प्यायला आणि पाहुण्यांना मिरवायला. या खेपेला पर्समध्ये थर्मामीटर घालून नेला. आमच्या लॅबमध्ये दोन प्रकारचे असतात, ११० अंशांपर्यंतचा आणि ३६० पर्यंतचा. गुळाच्या पाकाला पहिल्याचा उपयोग नाही, फुटेल, म्हणून दुसरा. गूळ उतरवायची वेळ ११८ अंशांच्या आसपास येते असं वाचलं होतं, ते डोळ्यांनी बघायचं होतं.

चुलवाणात चिपाडं ढकलणं चालू होतं. काहिलीत रस उकळत होता, भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी आधीच घालून झालं होतं आणि त्यानं रसातला गाळ वर आणून मळीचा जाड थर केला होता. तो काढला. रंग बदलत गेला, बुडबुडे लहान होत गेले, मग जड, मग आळसावलेले. मी दांडीला थर्मामीटर बांधून सोडायला निघाले तेव्हा गूळ शिजवणारे गुळवे म्हणाले, "वैनी, काच फुटली तर आख्ख्या आदणाचा गूळ वाया जाईल." मी कडेकडेनं जपून धरला. ११६. ११७. गुळव्यांनी पाण्यात हात बुडवला, फावड्याला लागलेला पाक चिमटीत घेऊन पाण्यात सोडला, त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण! "उतरा," ते म्हणाले, आणि माझा पारा ११८ वर होता.

मला झालेला आनंद बघण्यासारखा होता. जणू गुळवे माझ्याकडं परीक्षेला बसले होते आणि पास झाले. ते मात्र थर्मामीटरकडं बघतच नव्हते. त्यांच्याजवळ सोळा-सतरा वर्षांचा त्यांचा पुतण्या उभा होता, पुढच्या आदणाला गोळी वळायची पाळी त्याची होती. मी त्या पुढच्या आदणालाही थांबले. पोरगं दर मिनिटाला गोळी करत होतं. पहिली बोटांना चिकटली. दुसरी चपटी झाली. तिसरी काठावर आपटली तर थप्प. या सगळ्यात गुळव्यांचे डोळे पाकावर नव्हते, गोळीवरही नव्हते. ते पोराच्या बोटांकडं बघत होते. "मनगाट सैल सोड." "आधी हात गार कर की." "दाबू नगंस, फिरीव." आवाज कसला यायला पाहिजे हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. पोरानं विचारलंही नाही.

मी मनात वीस मुलं मोजत होते. गेल्या इतक्या वर्षांत मी त्यांची रीडिंगं बघितली, जर्नलं बघितली, अक्षर बघितलं, चौकटी पट्टीनं मारल्यात का हेही बघितलं. त्यांची बोटं बघितली नव्हती.

उगाच गुऱ्हाळाची आरती ओवाळायची नाही. भेंडीच का घालायची, असं त्या पोरानं विचारलं तेव्हा "आज्जा घालायचा" एवढंच उत्तर मिळालं. आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉसची पावडर मुठीमुठीनं पडते तेव्हा तिथं तराजू, मोजमाप आणि थोडी केमिस्ट्री असती तर गुळाचं आणि खाणाऱ्याचं दोघांचंही भलं झालं असतं. कोल्हापुरातच ऊस आणि गुळाचं संशोधन केंद्र आहे, तिथली मंडळी हेच सांगत असतात. पण हात कसा शिकवावा, हे मला त्या रात्री काहिलीच्या धगीत कळलं, आणि बी.एड.च्या कुठल्या पेपरात ते आल्याचं मला आठवेना.

तसं पाहिलं तर पोरांच्या हातात काच देऊन शिकवणं हे काही फार जुनं नाही. जर्मनीतल्या गीसनला १८२४ साली युस्टुस लीबिग नावाचा एकवीस वर्षांचा प्राध्यापक आला आणि त्यानं विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातानं विश्लेषण करायला लावलं, ते जगभर गाजलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी गुरुजी प्रयोग करायचे आणि शिष्य बघायचे. आपल्याकडं आता शिष्य करतात आणि गुरुजी बघत नाहीत. ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९८० च्या दशकात मांडलेला मुद्दा तर आमच्या लॅबसाठीच लिहिल्यासारखा आहे. नव्या पोरावर एकाच वेळी इतक्या गोष्टी कोसळतात की डोक्यात विचाराला जागाच राहत नाही. मग ते पाककृती वाचल्यासारखं एकेक ओळ उरकतं. आमच्या अकरावीतलं मराठी माध्यमाचं पोर घ्या. हातात आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेट, कानावर इंग्रजी, शेजारी अनोळखी पार्टनर, काच फुटली तर भरपाईची धास्ती, आणि पावणेपाचची एस.टी. त्यात फिकट गुलाबी किती फिकट, हे त्यानं कधी ठरवायचं?

म्हणून पुढच्या वर्षी मी पहिले दोन आठवडे फक्त पाणी ठेवलं. मामा म्हणाले, "का मॅडम, ॲसिडचं बिल भागवलं न्हाई काय?" सहकाऱ्यांनी पोर्शनची आठवण करून दिली. राजारामपुरीतल्या क्लासला जाणाऱ्या दोघांनी नीटच्या पेपरात पाण्यावर किती मार्क आहेत असं नम्रपणे विचारलं.

काम एवढंच: पिपेटनं दहा मिलिलिटर पाणी घ्यायचं, वजन केलेल्या बीकरमध्ये सोडायचं, पुन्हा वजन करायचं. आपल्या हवेत ते साधारण ९.९७ ग्रॅम भरतं. हा आकडा मी आधीच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. किती यायला पाहिजे, यात लपवायचं काही ठेवलंच नाही. आणि मजा अशी की काट्याला जर्नल दाखवता येत नाही. कुणाचं ९.६ भरलं, कुणाचं १०.१. कुणी पिपेटवर तर्जनीऐवजी अंगठा दाबत होतं, त्यामुळं पाणी खुणेवर थांबायचंच नाही. कुणी टोकात उरणारा शेवटचा थेंब बल्ब दाबून हिरिरीनं बाहेर काढत होतं. तो आत राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. आमच्या पिढीनं तर पिपेट तोंडानंच ओढली, आणि सोडियम हायड्रॉक्साइडची चव नेमकी कशी असते हे मी आजही सांगू शकते.

पाण्याची पातळी कुठं वाचायची, यावर सगळ्यांत जास्त गोंधळ. 'लोअर मेनिस्कस' हा शब्द पाठ असतो, पण मान खाली जात नाही. शेवटी मी म्हटलं, गंगावेशीत दूध कट्ट्यावर कोण कोण गेलंय? सगळेच. समोर म्हैस पिळून ग्लास भरतात तेव्हा तुम्ही काय बघता? "फेस सोडून दूध किती ते," एकजण म्हणाला. कसं बघता? त्यानं ग्लास डोळ्यांसमोर धरल्याचा अभिनय केला, अगदी रेषेत, एक डोळा बारीक करून. झालं. पैसे मोजलेल्या दुधाची पातळी कोल्हापूरचं पोरगं कधी चुकत नाही. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये मेनिस्कसचं नाव 'फेस सोडून' पडलं.

मग व्हिडिओ. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात मार्सी टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केल्याचं वाचलं होतं, २०१५ सालचा लेख. विद्यार्थ्यानं स्वतः पिपेट वापरतानाचा व्हिडिओ काढायचा, बोलत बोलत समजावून सांगायचं, शिक्षकानं तो बघून चूक सांगायची आणि जमलं की एक डिजिटल बिल्ला द्यायचा. आमच्याकडं 'मोबाईल आढळल्यास जप्त केला जाईल' अशी पाटी ज्या भिंतीवर होती त्याच भिंतीखाली मी पोरांना मोबाईल काढायला सांगितले. एकानं शूटिंग करायचं, एकानं ब्युरेट चालवायची, फक्त हात दिसले पाहिजेत. पहिल्याच दिवशी एका व्हिडिओला हलगीचं म्युझिक लावलेलं आणि शेवटी गुलाबी रंग आल्यावर पडद्यावर अक्षरं: 'जाळ अन् धूर संगटच'. मी ते पुसायला लावलं नाही.

रात्री अकरा-अकरापर्यंत मी ते हात बघत बसायची. घरचे विचारायचे, कुठली सिरीयल? खरंच सिरीयलसारखं होतं. ब्युरेट भरल्यावर वरचं फनेल काढायचंच राहिलेलं, आणि त्यातून एकेक थेंब खाली येऊन रीडिंग बिघडवत होता. उंच मुलगा वरून वाचत होता, बुटकी मुलगी खालून, आणि दोघं एकमेकांना चूक ठरवत होते. स्टँड ओट्यावरून स्टुलावर घ्यावा हे दोघांनाही सुचलं नव्हतं. उजव्या हातानं कॉक, डाव्या हातानं फ्लास्क, आणि फ्लास्क हलवायचा म्हणून सगळं अंगच हलतंय. हे सगळं माझ्यासमोर वर्षानुवर्षं चाललं असणार. मी जर्नलला सह्या करत होते.

आणि एक हात मात्र असा दिसला की मी तो व्हिडिओ तीनदा लावला. मुलगा हुपरीचा, घरी चांदीचं काम. पैंजणांच्या कड्या जुळवायला लहानपणापासून बसत असावा. थिअरीत बेताचा, मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यांत त्यानं शेवटपर्यंत भेदभाव केला नाही. पण त्याचा डावा हात कॉकवर असा होता की थेंब बाहेर यायचा आणि टोकाशी लटकून राहायचा, पडायचा नाही. मग तो फ्लास्कची कड त्या अर्ध्या थेंबाला लावायचा, थोड्या पाण्यानं आत धुवायचा, आणि गुलाबी यायचं ते असं, की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. अर्धा थेंब घेणं मी पुस्तकातून शिकवत असे. स्वतः मला ते दहातून चारदा जमतं. मी त्याला बॅचसमोर करून दाखवायला बोलावलं तर तो लाजून म्हणाला, "यात काय मॅडम, चांदीला डाक द्यायला ह्याच्याहून बारीक लागतंय."

बाकी जग होतं तिथंच राहिलं. बोर्डाच्या परीक्षेत माझ्याही पोरांनी तीसपैकी सत्तावीस घेतले, दुसऱ्या कॉलेजच्याही. त्यांनी काय वेगळं केलं हे गुणपत्रिकेत कुठं दिसत नाही. दोन वर्षांनी वर्कलोड वाढला, पाण्याचे दोन आठवडे एकावर आले, मग एका तासावर. माझ्या जागी आलेल्या मॅडम हुशार आहेत. त्यांच्याकडं बॅच तिसाची आहे आणि बल्ब सहा.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हंगामात गुऱ्हाळावर गेले. जुने गुळवे आता बसून असतात. काहिलीवर पुतण्या उभा राहतो. त्याच्याकडं लांब दांडीचा डिजिटल थर्मामीटर आहे, मला बघून त्यानं तो मुद्दाम काढून दाखवला. ११७ वर आल्यावर तरी त्यानं पाण्यात हात घातलाच.

"मी करू?" मी विचारलं.

"या की वैनी. आधी हात गार करा."

पाक चिमटीत घेतला आणि चटका बसला तशी अंगठ्यानं दाबायला लागले. गोळी चिकटली. दुसरी चपटी झाली.

"अंगठा नगं," तो म्हणाला. "बोटांनी फिरवा."

तिसरी कशीबशी गोल झाली. काठावर मारली. आवाज आला, पण थप्प असा.

"आणिक जरा हुं दे," तो म्हणाला, पाण्याचं घमेलं माझ्याकडं सरकवलं आणि माझ्या बोटांकडं बघत उभा राहिला.